सार्वजनिक चर्चालेखन : लेखाधिकार व जतन

सार्वजनिक चर्चालेखन : एखाद्या सार्वजनिक विषयावर इतरांनी वाचावे व त्यास उत्तर द्यावे, या हेतूने सामान्य व्यक्तींनी केलेले, परंतु ग्रंथरूप न पावलेले लेखन. वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे, नियतकालिकांतील वादविवाद आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आंतरजालावर लिहिले जाणारे चर्चालेख व त्यांवरील प्रतिसाद यांचा त्यात समावेश होतो. अशा लेखनाबाबत दोन प्रश्न जोडीने उपस्थित होतात : ते कोणाच्या मालकीचे मानावयाचे, आणि ते जतन करण्याचा अधिकार व जबाबदारी कोणाची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखाधिकाराच्या, म्हणजेच व्यवहारात कॉपीराइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हक्काच्या कायद्याने बव्हंशी दिलेले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र भारतात कागदावर छापलेल्या मजकुरापुरतेच मिळते. परिणामी आंतरजालावरील चर्चालेखनास कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याच्या अस्तित्वाची हमी नाही.

पत्रव्यवहाराची परंपरा : मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या आरंभापासून वाचकांचा पत्रव्यवहार हे तिचे एक महत्त्वाचे अंग होते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या दर्पणमध्ये वाचकांच्या पत्रांना स्थान होते. भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये काढलेल्या प्रभाकर साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने १८४८ ते १८५० या काळात जी १०८ पत्रे लिहिली, ती शतपत्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. सरकारी नोकरीत असलेल्या लेखकाला टोपणनावाचा आश्रय घेऊन स्वसमाजाची परखड चिकित्सा करता आली. पुढे ही पत्रे ग्रंथरूपाने आली आणि विसाव्या शतकात श्री. रा. टिकेकर व अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या संशोधकांनी ती नव्याने संपादित केली.

लोकहितवादींचे नाव मोठे असल्याने त्यांचे लेखन जपले गेले, असे म्हणता येईल. तथापि मुक्ता साळवे हिच्या निबंधाची कथा वेगळी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातील या मुलीचा आपल्या व महार समाजाच्या दुःखांविषयीचा निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ज्ञानोदय या पत्राने १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील अंकांत छापला. लेखिका त्यावेळी सुमारे चौदा वर्षांची होती. तिचे दुसरे लेखन उपलब्ध नाही. आज हा निबंध मराठीतील दलित स्त्रीच्या लेखनाचा आद्य नमुना म्हणून अभ्यासिला जातो. पण तो हाती आला, तो ज्ञानोदयचे जुने अंक कोणीतरी बांधून ठेवले म्हणून. छापला गेला त्या वेळी तो एका विद्यार्थिनीचा घडामोडींच्या शेजारी बसलेला मजकूर होता. मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारणारे जोतीराव फुले यांचे प्रसिद्ध पत्रही १८८५ मध्ये ज्ञानोदयमध्येच आले होते.

उलट उदाहरणेही आहेत. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालविलेले दीनबंधु हे सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र होते. शेतकरी व कामगार वर्गांतील लेखकांनी त्यात काय लिहिले, हे जाणण्याचे साधन आज अपुरे आहे. कारण त्याचे फारच थोडे अंक उपलब्ध आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले मूकनायक आणि १९२७ मध्ये सुरू केलेले बहिष्कृत भारत ही पाक्षिके १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने एकत्रित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ती सर्वसामान्य अभ्यासकाच्या आटोक्यात आली. कोणते लेखन उरावे हे लेखनाच्या मोलावर नव्हे, तर फायली राखणाऱ्या संस्थेच्या स्थैर्यावर अवलंबून राहिले, हे या उदाहरणांवरून दिसून येते. मिशनपाशी इमारत, कारकून व कपाटे होती. सत्यशोधक कार्यकर्त्यांपाशी ती नव्हती.

लेखाधिकाराचा विकास : पत्र ज्याच्या हाती पडते तो त्याचा मालक, ही सामान्य समजूत असते. इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप याने आपली पत्रे परस्पर छापणाऱ्या एडमंड कर्ल या प्रकाशकाविरुद्ध दावा लावला, तेव्हा १७४१ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी या समजुतीची मर्यादा स्पष्ट केली. पत्र मिळालेल्या व्यक्तीस कागदावर हक्क मिळतो, पण त्यातील शब्द प्रसिद्ध करण्याचा हक्क लिहिणाराकडेच राहतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. कागद व शब्द यांतील हा भेद पुढील सर्व कायद्यांच्या मुळाशी आहे.

भारतात लेखाधिकाराचा पहिला कायदा १८४७ मध्ये झाला. त्याने प्रकाशनापासून ४२ वर्षे किंवा लेखकाच्या हयातीनंतर ७ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल तेवढे संरक्षण दिले. १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह भारतास लागू केला आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत रूढ झाली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ मध्ये संमत होऊन २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षे करण्यात आली. त्यानुसार १९५६ मध्ये निधन पावलेल्या डॉ. आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील संरक्षण २०१६ च्या अखेरीस संपले.

चर्चालेखनाच्या दृष्टीने या कायद्यातील काही तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. लेखाधिकार लेखन करताक्षणीच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची आवश्यकता नाही. तो शब्दयोजनेला लाभतो, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व मांडले. लेखन अल्प असले तरी चालते; मात्र त्यात किमान सर्जनशीलता हवी, असे २००७ मधील ईस्टर्न बुक कंपनी खटल्यातील निर्णयावरून समजते. म्हणून ‘सहमत’ एवढ्याच प्रतिसादावर हक्क सांगता येणार नाही. पण चार वाक्यांत मांडलेल्या अनुभवावर सांगता येईल. हक्काचे हस्तांतर लेखी व हस्ताक्षरित असावे लागते. संपादकाकडे धाडलेल्या पत्रातून ते अंकात छापण्याची संमती गृहीत धरली जाते, त्यावरील संपूर्ण हक्क दिल्याचे गृहीत धरता येत नाही. टोपणनावाने लिहिलेल्या मजकुरास प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण मिळते आणि त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाल्यास ही मुदत त्याच्या मृत्यूपासून मोजली जाते.

जतनाची कायदेशीर व्यवस्था : लेखाधिकाराच्या बरोबरीने जतनाचाही एक स्वतंत्र प्रवाह भारतीय कायद्यात आढळतो. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीविषयक कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे मुद्रकास बंधनकारक केले आणि प्रांतिक सरकारे त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करू लागली. कायद्यामागे देशी भाषांतील मुद्रणावर नजर ठेवण्याचा हेतूही होता. पण त्या याद्या वाङ्मयेतिहासाच्या अमोल साधन ठरल्या. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना पुस्तकाची प्रत विनामूल्य द्यावी, असे ठरविले. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा अंतर्भाव झाला. मुंबईतील एशियाटिक सोसायटीशी निगडित मध्यवर्ती ग्रंथालय हे त्या तिघांपैकी एक होय. याखेरीज १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था आणि शंकर गणेश दाते यांच्यासारखे सूचिकार यांनी शासनापेक्षा अधिक निष्ठेने हे काम केले. दाते यांची १८०० ते १९३७ या कालखंडाची मराठी ग्रंथसूची एका व्यक्तीच्या चिकाटीचे फळ आहे.

या सर्व व्यवस्थेत मजकूर आधी कागदावर छापला जातो, हे गृहीत धरलेले होते. जे छापलेच जात नव्हते, त्यास ती कधीच लागू पडली नाही.

झाडीपट्टीचे उदाहरण : छापील कागदाबाहेर राहिलेल्या शब्दसृष्टीचे एक ठळक उदाहरण पूर्व विदर्भात मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील नागभीड हे जंक्शन व तालुक्याचे ठिकाण, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा म्हणजेच देसाईगंज हा या प्रदेशाचा गाभा होय. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार, खडी गंमत यांसारखे लोकनाट्यप्रकार आणि रात्रभर चालणारी नाटके यांना त्या सुमारास प्रारंभ होऊन हा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडसा हे नाटकमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील कार्याबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या रंगभूमीची संहिता पुष्कळदा हस्तलिखित असते आणि ती मंडळीपाशीच राहते. दंडारीतील परंपरागत गीतांचा कर्ता अज्ञात असल्याने त्यांवर कोणाचा लेखाधिकार नसतो. पण गावातील प्रश्नांवर एखाद्या शाहिराने नव्याने जोडलेल्या कडव्यांवर, ती टिपून ठेवलेली असल्यास, त्याचा हक्क असतो. गावातील सावकारी, दारू, निवडणूक यांवर लोकांसमोर केलेले हे भाष्य खऱ्या अर्थाने सार्वजनिक चर्चाच होय. तिला ग्रंथप्रदान कायदा लागू नाही आणि लोकाविष्कारांच्या संरक्षणासाठी युनेस्को व जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांनी १९८२ मध्ये आदर्श तरतुदी सुचविल्या असल्या, तरी भारताच्या लेखाधिकार कायद्यात त्यांना स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. जतनाचे जे काम झाले, ते डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी शब्दसंग्रह व लोकसाहित्य संकलित करून केले.

येथे भाषेचाही प्रश्न गुंतलेला आहे. झाडीबोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘र’ असे उच्चार आढळतात. वृत्तपत्राकडे धाडलेले पत्र संपादकाच्या हातून प्रमाण मराठीत शुद्ध होऊन छापले जाई आणि बोलीची खूण पुसली जाई. आंतरजालावर मध्यस्थ संपादक नसतो. तेथे नागभीडचा माणूस जसा बोलतो तसाच लिहू शकतो. बोलीत, बोलणाऱ्याच्याच हातून, एवढ्या सहजतेने लेखन होण्याची ही पहिलीच वेळ होय. आणि नेमके हेच लेखन जतनाच्या कायद्यापलीकडे पडते.

आंतरजालावरील चर्चा : संगणकजालावरील सार्वजनिक चर्चेचा आरंभ १९७९–८० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी उभारलेल्या यूझनेट या व्यवस्थेपासून मानला जातो. तेथील मजकूर काही दिवसांनी पुसला जाईल, अशीच लिहिणाऱ्यांची समजूत होती. १९९५ मध्ये देजा न्यूज या कंपनीने तो साठवून शोधता येईल असा केला, तेव्हा प्रथमच वादास तोंड फुटले. आपले संदेश साठवू नयेत असे सूचित करणारी एक ओळ संदेशाच्या शीर्षभागी लिहिण्याची प्रथा पडली. २००१ मध्ये गूगलने हा साठा विकत घेतला आणि त्याच वर्षी त्यात १९८१ पर्यंतच्या संदेशांची भर घातली. विद्यापीठांतील ध्वनिफितींसारख्या चुंबकीय फितींवर राखलेल्या खासगी प्रतींमुळे ते शक्य झाले. येथेही मूळ आधार फायली राखणाऱ्या व्यक्तींचाच होता.

मराठीत १९९६ मध्ये मायबोली हे स्थळ परदेशस्थ मराठी मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाले. २००७ मध्ये मिसळपाव सुरू झाले. पाककृतींपासून इतिहासापर्यंत, शुद्धलेखनापासून शेतीपर्यंत असंख्य विषयांवर तेथे बहुधा टोपणनावांनी लेखन होत आले. आरंभीच्या काळात देवनागरीसाठी सर्वमान्य संकेतप्रणाली रूढ नव्हती. निरनिराळे टंक वापरले जात. तो टंक नसेल तर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसे. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली, पण जुना मजकूर रूपांतरित न केल्यास अक्षरे शाबूत असूनही लेखन वाचता येत नाही. जतनाचा हा तांत्रिक पैलू कागदाच्या काळात नव्हता.

परकीय कंपन्यांच्या स्थळांवरील मराठी चर्चेचे भवितव्य अधिक अनिश्चित ठरले. भारतात अतिशय लोकप्रिय झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यातील सार्वजनिक गटांचा साठा वाचनासाठी काही काळ खुला ठेवण्यात आला. २०१७ मध्ये तोही बंद झाला. याहू ग्रुप्सवरील जुना मजकूर २०१९ च्या अखेरीपासून काढून टाकण्यात आला आणि २०२० मध्ये ती सेवाच संपली. अमेरिकेतील ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापिलेल्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने आंतरजालावरील असंख्य पृष्ठांच्या प्रती राखल्या आहेत. पण ती एक खासगी विश्वस्त संस्था आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये ट्विटरवरील सर्व सार्वजनिक संदेश जतन करण्याचे ठरविले होते. २०१७ च्या अखेरीस तिने सरसकट संग्रह थांबवून निवडक संग्रहाचे धोरण स्वीकारले.

कायद्याची अपुरी बाजू : चर्चास्थळावर लिहिणारा आपला लेखाधिकार गमावत नाही. स्थळाच्या नियमांना संमती देऊन तो मजकूर दाखविण्याचा परवाना चालकास देतो. त्रयस्थ संस्थेस तो सबंध मजकूर उतरवून घेण्याचा अधिकार यातून मिळत नाही. समीक्षा, संशोधन वा वृत्तकथन यांसाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करण्याची मुभा १९५७ च्या कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने नफा न मिळविणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची सवलत दिली. परंतु त्या कृतीची बिगरइलेक्ट्रॉनिक प्रत ग्रंथालयापाशी आधीच असली पाहिजे, अशी अट घातली. म्हणजे ज्ञानोदयचा कागदी अंक असलेल्या ग्रंथालयास त्याची संगणकीय प्रत ठेवता येईल; जन्मतःच संगणकावर असलेल्या चर्चेला मात्र ही सवलत लागू होणार नाही. कर्ता सापडत नसलेल्या कृतींसाठी अर्ज करून परवाना मिळविण्याची तरतूद आहे. पण प्रस्तावाची जाहिरात वृत्तपत्रांत देण्याची तिची प्रक्रिया एखाद्या ग्रंथापुरती ठीक असली, तरी हजारो टोपणनावी प्रतिसादांसाठी निरुपयोगी आहे.

याचा परिणाम विलक्षण आहे. १९९६ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या चर्चालेखास २०५६ च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. ज्या स्थळावर तो लिहिला ते तोवर टिकेल, याची कोणतीही तरतूद नाही. संरक्षित वस्तू नष्ट होऊन केवळ तिच्यावरील हक्क शिल्लक राहावा, अशी ही स्थिती होय.

अन्य देशांत वेगळे मार्ग अनुसरले गेले. फ्रान्सने २००६ मध्ये आंतरजालावरील प्रकाशित मजकूर कायदेशीर प्रदानाच्या कक्षेत आणला. ब्रिटनने २००३ च्या कायद्याखाली २०१३ मध्ये नियम करून प्रदान ग्रंथालयांना देशातील संकेतस्थळांच्या प्रती घेण्याचा अधिकार दिला. तेथे लेखकांचे हक्क रद्द केलेले नाहीत. असा संग्रह सामान्यतः ग्रंथालयाच्या आवारातच वाचावा लागतो. साठविणे आणि सर्वांस खुले करणे या दोन क्रिया वेगळ्या मानल्याने लेखाधिकार व जतन यांतील विरोध पुष्कळसा मिटतो.

लेखकाची इच्छा : संग्रहाविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप आर्थिक नसून व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी संबंधित आहे. तरुणपणी रागाने लिहिलेला मजकूर जन्मभर पाठपुरावा करीत राहावा काय, हा प्रश्न गंभीर आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये गूगलविरुद्धच्या खटल्यात शोधयंत्रातून जुने दुवे काढून घेण्याचा व्यक्तीचा हक्क मर्यादित स्वरूपात मान्य केला. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या व्यक्तिगत विदासंरक्षण कायद्याने व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. दुसऱ्या बाजूस, चर्चा ही एकाची कृती नसते. एक लेख काढून घेतला की त्याला दिलेली उत्तरे अर्थहीन होतात आणि उत्तर देणाऱ्यांच्या लेखनाचेही नुकसान होते. लेखकाचे नाव झाकणे, ठराविक वर्षांनंतरच संग्रह खुला करणे, मजकूर काढण्याऐवजी तो केवळ संशोधकांपुरता ठेवणे, असे मध्यममार्ग अभिलेखागारांच्या व्यवहारात पूर्वीपासून रूढ आहेत. शासकीय दप्तरांना लावली जाणारी ही शिस्त चर्चालेखनासही लावता येण्याजोगी आहे.

मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना संशोधकांनी एकोणिसाव्या शतकासाठी वृत्तपत्रांच्या फायलींचा आधार घेतला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीचा इतिहास लिहिणाऱ्यास तसा आधार हवा असेल, तर ग्रंथप्रदानाच्या कल्पनेचा विस्तार चर्चालेखनापर्यंत करणे, लेखनाच्या वेळीच लेखकाकडून जतनाची संमती घेणे आणि हे काम खासगी कंपन्यांच्या मर्जीवर न सोपविता सार्वजनिक ग्रंथालये व विद्यापीठे यांच्याकडे देणे आवश्यक ठरते. मोठ्या नावांचे लेखन कोणत्या ना कोणत्या मार्गाने टिकतेच. अशा व्यवस्थेची खरी गरज आहे ती मुक्ता साळवेसारख्या एकदाच लिहिणाऱ्यांना, आणि ज्यांची बोली अद्याप छापखान्यापर्यंत पोहोचलेली नाही त्या झाडीपट्टीसारख्या प्रदेशांना.